अधांतरी तोल : रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर शिकण्याचा इतिहास

जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाने हातातील ट्रान्समीटरच्या साहाय्याने उडवायचे छोटे हेलिकॉप्टर हा छंद अर्धशतकाहून थोडाच अधिक जुना आहे. या अवधीत यंत्र जितके बदलले तितकीच ते शिकण्याची रीतही बदलली, आणि या दोन बदलांचा संबंध सरळ आहे : आरंभी नवशिक्याच्या हातांवर जे भार पडत असत, ते एकेक करून यंत्राने आपल्याकडे घेतले. कोणता भार केव्हा आणि कशामुळे उतरला, तसेच कोणता भार आजही चालकाकडेच राहिला आहे, हे पाहिले म्हणजे या छंदाचा इतिहास बऱ्याच अंशी उलगडतो.

मुळात ही अडचण कोणती होती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. विमानाच्या मॉडेलला स्वतःची काही स्थिरता असते. त्याचे पंख नीट बसवलेले असले आणि वजनाचा मध्य योग्य जागी असला, तर चालकाने नियंत्रणावरचे हात काढले तरी ते काही काळ सरळ उडत राहते. हेलिकॉप्टरचे तसे नाही. हवेत एका जागी तरंगत राहण्याच्या क्रियेला हॉवरिंग म्हणतात, आणि ही अवस्था स्वभावतःच अस्थिर असते. किंचित कललेले यंत्र त्या बाजूला सरकू लागते, सरकता सरकता वेग घेते आणि चालकाने सावरल्यावाचून मूळ जागी येत नाही. तळहातावर उभी काठी तोलणाऱ्याला हात जसा सतत हलता ठेवावा लागतो, तशीच ही स्थिती असते. त्यातही वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि स्वतःभोवती फिरणे अशा चार हालचाली चालकाला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, आणि त्या एकमेकींपासून सुट्या नसतात. मुख्य पात्यांचे चक्र, म्हणजे रोटर, एका दिशेने फिरू लागला की यंत्राचे धड उलट दिशेने फिरू पाहते, म्हणून शेपटीच्या टोकाला उभ्या पातळीत फिरणारा छोटा पंखा बसवावा लागतो. परंतु उंची वाढवण्यासाठी इंजिनाचा जोर वाढवला की हा उलटा पीळही वाढतो, आणि शेपटी पुन्हा सांभाळावी लागते.

या अस्थिरतेवरचा पहिला उपाय मॉडेलवरच शोधला गेला. उडत्या खेळण्यांची परंपरा जुनी आहे. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो याने १८७० मध्ये पिळलेल्या रबराच्या शक्तीवर उडणारे छोटे हेलिकॉप्टर तयार केले होते, आणि त्याच पद्धतीचे एक खेळणे १८७८ मध्ये मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांसाठी घरी आणले होते. पुढे विमान घडवणारे राइट बंधू ते हेच. छंदाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम अमेरिकेतील आर्थर यंग यांचे. त्यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेले प्रयोग पेनसिल्व्हेनियातील पेओली येथील जुन्या कोठारात वर्षानुवर्षे चालू ठेवले आणि विजेच्या मोटरवर चालणारी, तारेने दुरून नियंत्रित होणारी मॉडेल्स बनवली. बहुतेक मॉडेल्स उचलली जाताच झोके खाऊन उलटत. यावर यंग यांनी पात्यांना काटकोनात, दोन्ही टोकांना वजन असलेला एक दांडा बसवला. हा दांडा फिरत असताना आपली पातळी सहजी सोडत नाही, आणि पाती त्याच्याशी जोडलेली असल्यामुळे धड कलले तरी पात्यांचे चक्र लगेच कलत नाही. १९४१ मध्ये यंग यांनी हे मॉडेल बेल कंपनीला दाखवले, कंपनीने त्यांच्याशी करार केला, आणि त्याच रचनेवर आधारलेल्या बेल ४७ या हेलिकॉप्टरला ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळवणारे ते पहिले हेलिकॉप्टर होय. त्याच दशकात स्टॅन्ली हिलर यांनी दांड्याच्या टोकांना वजनाऐवजी छोटे पंख लावून चालकाचा हुकूम आधी त्या पंखांना आणि त्यांच्यामार्फत पात्यांना पोहोचवण्याची युक्ती वापरली. पुढे मॉडेल बनवणाऱ्यांनी या दोन्ही रचनांचा मिलाफ केला, आणि चार दशके मॉडेल हेलिकॉप्टरच्या माथ्यावर दिसत राहिलेला आडवा दांडा, म्हणजे फ्लायबार, हा त्या मिलाफाचा परिणाम होता.

तरीही तारेवाचून, रेडिओवर चालणारे मॉडेल हेलिकॉप्टर साध्य व्हायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. याचे एक मोठे कारण नियंत्रणाच्या यंत्रणेत होते. त्याआधीच्या बहुतेक रेडिओ यंत्रणा सुकाणू पूर्ण वळवणे किंवा पूर्ण सोडणे एवढेच हुकूम पोहोचवत. विमानाला ते पुरत असे, हेलिकॉप्टरला नाही. १९६० च्या दशकात प्रमाणशीर नियंत्रणाचे संच बाजारात आले. त्यांत ट्रान्समीटरवरची कांडी जितकी हलवावी तितकेच सर्व्हो, म्हणजे नियंत्रणाचे भाग हलवणारी छोटी मोटर, सरकत असे, आणि चार किंवा अधिक हालचाली एकाच वेळी हाताळता येत. या साधनाचा पुरेपूर उपयोग जर्मन अभियंता डिटर श्ल्यूटर यांनी करून घेतला. अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर त्यांचे मॉडेल खात्रीने उडू लागले, आणि १९७० मध्ये त्यांनी सरळ रेषेत ११.५ किलोमीटर अंतर कापण्याचा आणि २७ मिनिटे ५१ सेकंद हवेत राहण्याचा असे दोन विक्रम नोंदवले. त्यानंतर बेल ह्यूईकोब्रा या लष्करी हेलिकॉप्टरच्या रूपातील त्यांचे किट, म्हणजे जुळणीसाठी सुट्या भागांचा संच, विक्रीला आले, आणि हेलिकॉप्टर उडवणे ही एकट्यादुकट्या संशोधकाची गोष्ट न राहता सामान्य छांदिष्टाच्या आवाक्यातील गोष्ट झाली.

आवाक्यातील म्हणजे सोपी मात्र नव्हे. १९७० च्या दशकातील नवशिक्याचे शिक्षण मैदानावर नव्हे, कामाच्या टेबलावर सुरू होत असे. किट जुळवताना स्वॉशप्लेट कशी चालते हे त्याला समजून घ्यावे लागे. रोटरच्या दांड्याभोवती बसवलेल्या या चकत्यांच्या जोडीतील खालची चकती स्थिर राहून सर्व्होंच्या हुकमाने कलते, वरची पात्यांबरोबर फिरते, आणि खालचीचा कल वरचीमार्फत फिरत्या पात्यांना पोहोचतो. नंतर पाती तोलावी लागत. ती लाकडी असत, दोहोंचे वजन सारखे निघेल याची शाश्वती नसे, म्हणून दोन्ही पाती एका खिळीवर समोरासमोर जोडून जे हलके भरे त्याच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत होती. यानंतर ट्रॅकिंग, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात की नाही याची तपासणी. त्यासाठी एका पात्याच्या टोकाला लाल आणि दुसऱ्याच्या टोकाला निळी अशा वेगळ्या रंगांच्या पट्ट्या लावून रोटर फिरवत आणि पात्यांचे चक्र कडेने पाहत; जी रंगाची रेघ वर दिसे त्या पात्याचा कोन जोडदांड्याच्या पेचाने कमी केला जाई. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालणारे ग्लो इंजिन नीट जमवणे ही आणखी एक विद्या होती, कारण इंजिन अर्ध्यात अडखळले तर हवेतले मॉडेल खाली येणार हे ठरलेले असे.

मैदानावरचा पहिला धोका उड्डाणाआधीच समोर येई. रोटरचा जोर हळूहळू वाढवत नेला की एका टप्प्यावर मॉडेल जमिनीवर टेकलेलेच असते, पण त्याचे बहुतेक वजन पात्यांनी पेललेले असते. या अवस्थेत ते बाजूला सरकू लागते, खालच्या घसरपट्ट्यांपैकी एक गवतात अडकते, यंत्र त्या कडेवर उलटते आणि पाती जमिनीवर आदळतात. पाती तुटतात, रोटरचा दांडा वाकतो आणि पुष्कळदा शेपटीची नळीही छाटली जाते. म्हणून नवशिक्याच्या मॉडेलखाली प्रशिक्षणाचे पाय बसवण्याची प्रथा पडली. लाकडी किंवा फायबरच्या दोन लांब काठ्या फुलीसारख्या आडव्या बांधून त्यांच्या चारही टोकांना प्लॅस्टिकचे पोकळ चेंडू लावले जात. यामुळे बूड रुंद होऊन यंत्र उलटेनासे होई आणि चेंडू गवतावरून घसरत असल्यामुळे ते अडकतही नसे. अनुभवी शिक्षक नवशिक्याला सुरुवातीला उडूच देत नसत. जेमतेम हलके झालेले मॉडेल जमिनीवर सरकवत हवे त्या जागी नेणे आणि त्याचे नाक सरळ ठेवणे एवढाच पहिला पाठ असे. तो हाती आला की किंचित उचलणे आणि लगेच टेकवणे, आणि मग हॉवर. जमिनीलगत रोटरने खाली लोटलेली हवा आपटून परत उसळते आणि यंत्र हिंदकळते, म्हणून भीतीपोटी अगदी खाली राहणाऱ्या विद्यार्थ्याला थोडे वर जाण्याचा सल्ला मिळे, आणि तो ऐकणे त्याला सर्वांत अवघड वाटे.

हॉवर जमल्यानंतरच खरा अभ्यासक्रम सुरू होई, आणि त्याचा क्रम सर्वत्र जवळपास सारखाच राहिला आहे. प्रथम शेपटी चालकाकडे आणि नाक पलीकडे, कारण या स्थितीत यंत्राचे डावे-उजवे आणि चालकाचे डावे-उजवे एकच असते. नंतर नाक तिरपे, मग दोन्ही कुशी, आणि शेवटी नाक थेट चालकाकडे. या शेवटच्या स्थितीत सगळे उलटे होते. यंत्राची डावी बाजू चालकाच्या उजव्या हाताला येते, आणि सवयीने दिलेला हुकूम यंत्राला सावरण्याऐवजी अधिक झुकवतो. यावर शिक्षकांनी काढलेली युक्ती आजही सांगितली जाते : समोरून येणाऱ्या यंत्राची जी बाजू खाली झुकलेली दिसेल तिकडेच कांडी सरकवावी, म्हणजे जणू कांडीने त्या बाजूला खालून टेकू दिला जातो. हा पाठ पक्का होईपर्यंत गोल चक्करे आणि इंग्रजी आठच्या आकारातील उड्डाणे हाती घेतली जात नसत. शिक्षक आणि विद्यार्थी यांचे दोन ट्रान्समीटर तारेने जोडण्याची सोयही होती. शिक्षकाने बटण दाबून धरले असता नियंत्रण विद्यार्थ्याकडे राही आणि सोडताच शिक्षकाकडे येई.

मैदानाचे स्वतःचे शिस्तीचे नियमही याच काळात रुजले. त्या वेळचे संच ठरावीक लहरींवर चालत. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झ आणि युरोपातील बऱ्याच देशांत ३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील निरनिराळे चॅनेल वापरले जात, आणि एकाच चॅनेलवरचे दोन ट्रान्समीटर एकाच वेळी चालू झाले तर हवेतले मॉडेल हमखास कोसळे. म्हणून मैदानावर एक फळा असे, त्यावर प्रत्येक चॅनेलचा क्रमांक लिहिलेला कपड्यांचा चिमटा लावलेला असे, आणि तो चिमटा काढून आपल्या ट्रान्समीटरला लावल्याखेरीज कोणीही संच चालू करीत नसे. २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. त्यांत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखीच्या संकेताने बांधलेले असतात, त्यामुळे शेजारच्या संचाचा उपद्रव होत नाही. हे संच रूढ झाले तसे फळे आणि चिमटे मैदानांवरून हळूहळू नाहीसे झाले.

१९८० च्या दशकात या छंदाचे केंद्र बऱ्याच अंशी जपानकडे सरकले. हिरोबोचे शटल आणि क्योशोचे कॉन्सेप्ट ३० यांसारखी तुलनेने लहान, स्वस्त आणि सुटे भाग सहज मिळणारी मॉडेल्स नवशिक्यांसाठीच बाजारात आणली गेली. याच काळात इंजिनाचा वेग कमी-अधिक करून उंची सांभाळण्याची जुनी पद्धत मागे पडून कलेक्टिव्ह पिच, म्हणजे वेग जवळपास स्थिर ठेवून सर्व पात्यांचा कोन एकदम बदलण्याची रचना, रूढ झाली. तिच्यामुळे प्रतिसाद तत्काळ मिळू लागला, आणि इंजिन बंद पडले तरी खाली येताना खालून वर वाहणाऱ्या हवेने फिरत राहिलेल्या पात्यांच्या बळावर अलगद उतरण्याची क्रिया, म्हणजे ऑटोरोटेशन, शिकणे शक्य झाले. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ-३-सी या प्रकारातील जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये कॅनडात सुरू झाल्या. छंदाबाहेरही या विद्येला मागणी आली. यामाहा कंपनीने भातशेतीवर औषध फवारण्यासाठी सुमारे २० किलो भार नेणारे आर-५० हे मानवरहित हेलिकॉप्टर १९८७ मध्ये तयार केले, आणि १९९७ मध्ये आरमॅक्स हे त्याहून प्रगत यंत्र आणले. ही यंत्रे चालवण्यासाठी जपानी शेतकऱ्यांना रीतसर प्रशिक्षण घेऊन दाखला मिळवावा लागे. अशा रीतीने छंदाच्या मैदानावर तयार झालेला अभ्यासक्रम शेतीच्या व्यवसायात शिरला.

नवशिक्याच्या हातावरचा सर्वांत मोठा भार मात्र शेपटीचा होता, आणि तो जायरोने उतरवला. जायरो हे यंत्र किती वेगाने वळते आहे हे ओळखून शेपटीच्या पंख्याला आपोआप उलटा हुकूम देणारे साधन होय. आरंभीच्या जायरोंमध्ये छोट्या मोटरने फिरणाऱ्या वजनदार चकत्या असत. ते जड होते, वीज खात आणि वाऱ्याच्या झोताने शेपटी वळू लागली की ती केवळ सावकाश वळू देत. १९९० च्या दशकात फिरत्या भागांवाचून चालणारे पिझोविद्युत जायरो आले, आणि त्यानंतर दिशा धरून ठेवणारे जायरो. हे दुसरे जायरो वळण्याचा वेग कमी करूनच थांबत नाहीत, तर चालकाने ठरवलेल्या दिशेकडे शेपटी परत आणतात. याआधीच्या पिढीने महिनोन्‌महिने घालवून कमावलेले अंगठ्याचे कौशल्य त्यानंतरच्या शिकणाऱ्याला लागेनासे झाले.

त्याच दशकात संगणकावरील सिम्युलेटर घरोघरी पोहोचू लागले. खऱ्या ट्रान्समीटरसारखेच नियंत्रण संगणकाला जोडून पडद्यावरचे हेलिकॉप्टर उडवायचे, आणि ते कोसळले की एक कळ दाबून नवे घ्यायचे, ही सोय शिकण्याच्या अर्थकारणातच बदल करणारी ठरली. पूर्वी एका चुकीची किंमत नवी पाती, नवा दांडा आणि दुरुस्तीत गेलेला आठवडा अशी मोजावी लागे, म्हणून शिकणारा चूक टाळत असे आणि टाळल्यामुळे शिकत नसे. नाक स्वतःकडे असतानाचा हॉवर शेकडो वेळा मोडून पाहण्याची मुभा प्रथमच सिम्युलेटरने दिली. आज बहुतेक अनुभवी छांदिष्ट नवशिक्याला मॉडेलआधी सिम्युलेटर घ्यायला सांगतात ते यामुळेच.

२००० नंतरचे बदल वेगाने घडले. लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आणि ब्रशविरहित मोटरी यांमुळे ग्लो इंजिनाची विद्या अनावश्यक झाली. तैवानच्या अलाइन कंपनीचे टी-रेक्स ४५० हे सुमारे ७० सेंटिमीटर रोटरचे विजेवरचे मॉडेल लवकरच जगभर परिचित झाले. एकावर एक दोन रोटर परस्परविरुद्ध दिशांना फिरवणारी समाक्ष मॉडेल्स इतकी स्थिर असत की ती पहिल्याच दिवशी दिवाणखान्यात उडवता येत. २००६ मध्ये हाँगकाँगच्या सिल्व्हरलिट कंपनीने बाजारात आणलेले पिकू-झी हे सुमारे १० ग्रॅम वजनाचे, अवरक्त किरणांनी चालणारे खेळणे तर मुलांच्या हाती गेले. नॉर्वेच्या पेटर मुरेन यांनी आपोआप स्थिर राहणाऱ्या छोट्या रोटरवर केलेले काम पुढे ब्लॅक हॉर्नेट या तळहाताएवढ्या लष्करी टेहळणी हेलिकॉप्टरपर्यंत पोहोचले, आणि ते ब्रिटिश सैन्याने अफगाणिस्तानात वापरले. मोठ्या मॉडेल्सवर त्या दशकाच्या अखेरीस तिन्ही अक्षांवरील जायरो बसवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली आणि यंग यांच्या कोठारातून वारशाने आलेला फ्लायबार काढून टाकला गेला. त्याचे काम आता एक छोटी पेटी करते. या यंत्रणांपैकी काहींत यंत्र संकटात सापडले की बटण दाबताच ते सरळ करून वर नेण्याचीही सोय आहे.

भारतात मॉडेल उड्डाणाचे शिक्षण मुख्यतः विमानांच्या रूपाने रुजले. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात एअरोमॉडेलिंग हा विषय शिकवला जातो आणि अखिल भारतीय वायू सैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. हेलिकॉप्टर हा त्यामानाने खर्चिक आणि एकट्याने शिकायचा प्रकार राहिला. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी मात्र त्यालाही कायद्याच्या चौकटीत आणले आहे. शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला या नियमांनुसार प्रकार प्रमाणपत्र लागत नाही. तथापि हवाई क्षेत्राची हिरवी, पिवळी आणि लाल अशी विभागणी पाळणे बंधनकारक आहे, आणि पुणे किंवा मुंबईसारख्या विमानतळ व लष्करी तळ असलेल्या शहरांत मैदान निवडण्यापूर्वी हा नकाशा पाहणे अपरिहार्य ठरते.

२०१० नंतर चार पंख्यांचे ड्रोन स्वस्त झाले. त्यांच्या नियंत्रणावरचे हात काढले तरी ते उपग्रहांच्या आधाराने जागेवर थांबतात, आणि म्हणून केवळ हवेतून छायाचित्र घेण्याची इच्छा असलेल्यांनी हेलिकॉप्टरचा मार्ग सोडून दिला. छंद आकसला, पण जे उरले ते उडवण्याच्या कौशल्यासाठीच उरले. इंजिन जमवणे, पाती तोलणे, शेपटी धरणे, झोके सावरणे ही कामे बऱ्याच अंशी यंत्राकडे गेली आहेत. यंत्र आपल्याकडे तोंड करून आहे की पाठ, ते किती अंतरावर आहे आणि पुढच्या क्षणी कुठे असेल, हे ओळखण्याचे काम मात्र चालकाचेच राहिले आहे. धोकाही कमी झालेला नाही. दीड मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला २००० फेऱ्या करू लागला की पात्याचे टोक सेकंदाला सुमारे १५७ मीटर, म्हणजे ताशी ५५० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते, आणि अशा पात्याने माणूस दगावू शकतो. त्यामुळे नवशिक्याने लहान मॉडेलपासून सुरुवात करावी, माणसांपासून पुरेसे अंतर राखावे आणि समोरासमोरचा हॉवर सिम्युलेटरवर पक्का झाल्याशिवाय मैदानावर पुढचा पाठ घेऊ नये. साधने बदलली तरी पाठांचा १९७० च्या दशकातील शिक्षकांनी घालून दिलेला क्रम आजही बदलण्याचे कारण नाही.